स्टेडियममुळे की स्टेडियमनंतर? बालेवाडीच्या एका दाव्याची उलटतपासणी

पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "ताई, विषय मिळालाय, पण सर म्हणतात यात प्रश्नच नाही. विषय आणि प्रश्न यांत फरक काय?" यावर पुस्तकी व्याख्या देण्यापेक्षा मी माझंच एक फसलेलं वाक्य तुमच्यासमोर ठेवते. एमएस्सी पर्यावरणशास्त्र झाल्यावर पीएचडीसाठी जी पहिली सिनॉप्सिस मी लिहिली, तिच्यातलं हे दुसरंच वाक्य:

"१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलामुळे बालेवाडी परिसराचे रूपांतर तंत्रज्ञानाधारित नागरी वसाहतीत झाले आहे."

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. गाईड मॅडमनी 'मुळे' या दोन अक्षरांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: "संकुल नसतं तर?"

मी चिडले होते, खरं सांगते. पुण्यात कोणालाही विचारा, बालेवाडीची गोष्ट अशीच सांगतात. आधी शेतं होती, मग स्टेडियम आलं, मग रस्ते, मग आयटीवाले, मग स्मार्ट सिटी. वर्तमानपत्रांत आणि बिल्डरांच्या माहितीपत्रकांत हीच गोष्ट असते, आणि चहाच्या टपरीवरही हीच ऐकू येते. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध कशाला करायची, असं माझं म्हणणं होतं. आज त्या वाक्याची मी तुमच्यासमोर उलटतपासणी घेणार आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असं एखादं वाक्य नक्की असेल, म्हणून.

आधी घटना, झटपट

म्हाळुंगे-बालेवाडीचं संकुल राज्य सरकारचं आहे. क्षेत्र सुमारे दीडशे एकर, मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा मुंबई-पुण्यात झाल्या, त्यांच्यासाठी ते बांधलं. लोक त्याला तेव्हापासून 'क्रीडानगरी' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुन्हा लागेल. बालेवाडी तेव्हा पुणे महापालिकेतही नव्हती, ती १९९७ मध्ये आली. ऑक्टोबर २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, ७१ देशांचे खेळाडू आले, जिगर नावाचा वाघ शुभंकर होता (माझ्या वयाच्या पुणेकरांना तो शाळेच्या वह्यांसारखा आठवतो). जुलै २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स झालं, त्यात विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण जिंकलं. २०१८ पासून काही वर्षं एटीपीची टेनिस स्पर्धा इथे होत होती. २०१९ च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. मधल्या काळात आय-लीग आणि आयएसएलचं फुटबॉलही.

आता दुसरी ओळ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीत एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहायला लागलं, संकुलापासून चार-पाच किलोमीटरवर. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. २८ जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीची पहिली यादी आली, तीत भुवनेश्वरनंतर पुण्याचा दुसरा नंबर लागला. पुण्याने 'आदर्श क्षेत्र' म्हणून निवडला तो औंध-बाणेर-बालेवाडीचा पट्टा. आणि २५ जून २०१६ ला पंतप्रधानांच्या हस्ते पुणे स्मार्ट सिटीच्या १४ प्रकल्पांचा प्रारंभ झाला, तो कुठे? याच क्रीडा संकुलात. अडीच वर्षांनी, १८ डिसेंबर २०१८ ला, हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजनही बालेवाडीतच झालं. त्या मेट्रोच्या मार्गावर 'बालेवाडी स्टेडियम' नावाचं स्थानकही आहे.

बघा, दोन्ही ओळी एकाच मांडवात येऊन मिळतात. स्टेडियमच्या मंचावरून तंत्रज्ञानाच्या शहराची घोषणा होते. असा फोटो डोळ्यांसमोर असल्यावर 'मुळे' लिहायचा मोह कोणाला होणार नाही?

पण मंच म्हणजे कारण नव्हे. मोठी सभा घ्यायला मोठी जागा लागते, आणि त्या बाजूला तेवढी मोठी, पार्किंग असलेली सरकारी जागा तीच होती. त्या दिवशीच्या घोषणेत स्टेडियमचा वाटा एवढाच.

संकुल नसतं तर?

या प्रश्नाला संशोधनाच्या भाषेत प्रतितथ्य म्हणतात. जे घडलं नाही त्याची तुलना जे घडलं त्याच्याशी. घडलेलंच नाही ते मोजणार कसं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून त्याच्या जवळपास जाणारी जागा शोधायची. त्याच शहरातली, त्याच काळातली, फक्त तिथे स्टेडियम नाही.

पुण्यात अशी जागा शोधायला लांब जावं लागत नाही. हडपसरला जा. मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली आणि २००० च्या सुमारास बांधकाम सुरू केलं. घरं, शाळा, दवाखाना, बाग आणि मधोमध आयटीच्या इमारती. 'तंत्रज्ञानाधारित वसाहत' या शब्दांना पुण्यात कुठली जागा चपखल बसत असेल तर ती ही. तिथे ना राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, ना युवा राष्ट्रकुल. खराडीचंही तेच. नदीपलीकडची शेतं गेली, आयटी पार्क आलं, सोसायट्या आल्या, स्टेडियमशिवाय.

म्हणजे माझ्या वाक्याला पहिला धक्का इथेच बसला. स्टेडियम नसलेल्या जागाही त्याच काळात, जवळपास त्याच वेगाने तशाच बदलल्या असतील, तर बालेवाडीच्या बदलाचं श्रेय स्टेडियमला देताना मला निदान 'जास्तीचं काय' ते तरी दाखवायला हवं होतं.

इथे कोणी म्हणेल, एका मगरपट्ट्याने काय होतं? बरोबर आहे. मगरपट्ट्यात जमीनमालकांचा पुढाकार होता, ती स्वतःच एक वेगळी गोष्ट आहे. एका उदाहरणाने दावा सिद्ध होत नाही तसा खोटाही ठरत नाही. मला फक्त एवढं कळलं की माझं वाक्य जितकं उघड वाटत होतं तितकं उघड नाहीये. तिथून खरं काम सुरू झालं.

पिक्सेलमधून दिसणारी बालेवाडी

माझं काम उपग्रह प्रतिमांचं. लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ मध्ये सुटला आणि लँडसॅटचा सगळा जुना साठा २००८ पासून कोणालाही फुकट मिळतो. म्हणजे स्टेडियमच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही बालेवाडी तुमच्या लॅपटॉपवर येऊ शकते. याच्या एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचा ३० मीटर बाय ३० मीटरचा चौकोन मावतो. दीडशे एकरांचं संकुल म्हणजे साधारण पावणेसातशे पिक्सेल. त्यात स्टेडियम दिसतं, धावपट्टी ओळखता येत नाही, आणि औंधचा तीन मीटरचा फुटपाथ तर स्वप्नातही दिसणार नाही. काय मोजता येतं यावर काय विचारता येतं ते ठरतं.

मी सुरुवातीला मोठा घोळ घातला तो सांगते, म्हणजे तुम्ही घालणार नाही. बांधकाम ओळखायला एक सोपा निर्देशांक वापरतात, दोन अवरक्त पट्ट्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागायचं. मी एप्रिलच्या प्रतिमा घेतल्या, कारण ढग नव्हते. आणि बालेवाडी १९९२ मध्येच अर्धी बांधलेली दिसली! दोन दिवस मी फार मोठा शोध लावल्याच्या आनंदात होते. मग लक्षात आलं की उन्हाळ्यातलं नांगरून ठेवलेलं कोरडं रान आणि उघडा मुरूम त्या निर्देशांकाला काँक्रीटसारखाच दिसतो. पावसाळ्यानंतरच्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रतिमा घेतल्या तेव्हा शेत हिरवं आणि इमारत करडी असा फरक पडायला लागला. गावात वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागलं नसतं. मला सॉफ्टवेअरने सांगितलं नाही ते माझ्या आजोबांनी फोनवर सांगितलं: "एप्रिलात रानात काय असणार आहे, बाळा?"

असो. खरी अडचण याच्या पुढची. समजा मी संकुलाभोवती एक-एक किलोमीटरची वर्तुळं काढली आणि दाखवलं की जवळच्या वर्तुळात बांधकाम जास्त वाढलं. झालं सिद्ध? नाही. कारण संकुलाच्या जवळ असलेली जवळपास प्रत्येक जागा हिंजवडीच्याही जवळ आहे, आणि बायपासच्याही. अंतराच्या भाषेत स्टेडियम आणि आयटी पार्क एकमेकांना चिकटलेले आहेत. संख्याशास्त्रवाले याला सहरेषीयता म्हणतात. साध्या मराठीत, दोन जण एकाच वेळी हातगाडी ढकलत असताना कोणी किती जोर लावला ते गाडीकडे बघून सांगता येत नाही.

मग काय करायचं? जागेवरून वेगळं करता येत नसेल तर काळावरून करून बघायचं. एक जण आधी आला होता ना! १९९४ मध्ये संकुल उभं आहे आणि हिंजवडीचं आयटी पार्क अजून जोरात आलेलं नाही, अशी पाच-सहा वर्षांची फट आपल्याला मिळते. स्टेडियममध्ये स्वतःचा काही जोर असेल तर तो या फटीत दिसायला हवा. आणि त्या फटीच्या शेवटच्या प्रतिमांमध्ये संकुलाच्या भोवती मुख्यतः शेतीच दिसते. मधोमध एक मोठं करडं गोलाकार बांधकाम आणि सभोवती हिरवळ. बांधकामाचा लोंढा येतो तो त्यानंतर, आयटी आल्यावर.

याचा अर्थ स्टेडियमचा परिणाम शून्य, असा घाईचा निष्कर्ष काढू नका. परिणाम उशिरा होऊ शकतो. स्टेडियमसाठी झालेला रस्ता दहा वर्षांनी सोसायटीच्या कामी येतो. २००८ च्या स्पर्धांच्या निमित्ताने शहराच्या त्या बाजूच्या रस्त्यांवर पैसा लागला. पण तेव्हाच जेएनएनयूआरएमचा केंद्राचा निधी येत होता आणि तेव्हाच आयटीची भरती जोरात होती. तीन जण गाडी ढकलत होते. म्हणून माझं आजचं वाक्य इतकंच आहे: बालेवाडीचा बदल स्टेडियमनंतर झाला, आणि तो स्टेडियममुळे झाला असं म्हणायला पहिल्या पाच-सहा वर्षांतला पुरावा साथ देत नाही. वाक्य लांब आणि कमी आकर्षक आहे, मान्य. पण व्हायव्हामध्ये उभं राहील.

लंडनचं उदाहरण जपून वापरा

या विषयावर वाचायला लागलात की तिसऱ्या लेखात लंडन येणार. २०१२ च्या ऑलिम्पिकनंतर तिथल्या उद्यानात 'हिअर ईस्ट' नावाची तंत्रज्ञानाची वसाहत झाली, सुमारे १२ लाख चौरस फुटांची. तिथे विद्यापीठांच्या शाखा आहेत, स्टुडिओ आहेत, स्टार्टअप आहेत. मग आपल्याकडच्या अहवालात वाक्य येतं: लंडनप्रमाणे बालेवाडीतही हे शक्य आहे.

थांबा. लंडनमध्ये तंत्रज्ञानाची वसाहत झाली ती इमारत कोणती होती? स्टेडियम नव्हतं. पत्रकारांचं आणि प्रसारणाचं केंद्र होतं. म्हणजे खांब कमी, छत उंच, वीजपुरवठा भरपूर, आणि जगभर चित्रं पाठवायला घातलेल्या तारा. अशा गोदामवजा इमारतीत सर्व्हर आणि स्टुडिओ आपसूक बसतात. स्टेडियमचं काय झालं? ते २०१६ मध्ये वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबने भाड्याने घेतलं, आणि त्याच्या खर्चाचा भार सार्वजनिक पैशांवर पडतो म्हणून तिकडे अजून वाद चालू असतात. मुळात लंडनमध्ये स्पर्धेनंतर जागेचं काय करायचं यासाठी वेगळं महामंडळ होतं आणि संपूर्ण उद्यान त्याच्या ताब्यात होतं. आणि तिथेही फुकट काही झालं नाही. ऑलिम्पिकसाठी क्लेज लेन नावाची सहकारी गृहवसाहत २००७ मध्ये रिकामी करून पाडली, चारशेहून अधिक माणसं हलवली.

बालेवाडीत संकुल राज्याच्या क्रीडा खात्याकडे. स्मार्ट सिटीचं काम स्वतंत्र कंपनीकडे होतं. मेट्रो आणि शेजारची सुमारे २५० हेक्टरांची 'म्हाळुंगे-माण हायटेक सिटी' पीएमआरडीएकडे. आयटी पार्क एमआयडीसीकडे. एका कुंपणाच्या आत-बाहेर चार मालक. अशा ठिकाणी 'स्टेडियमचं वसाहतीत रूपांतर' हे वाक्य ज्याच्या तोंडी घालायचं तो कर्ताच सापडत नाही. मराठीत आपण 'झाले आहे' असं लिहून मोकळे होतो, आणि ते कोणी केलं हा प्रश्न व्याकरणाच्या आड लपतो. सिनॉप्सिस तपासताना अशी वाक्यं शोधा.

होल्गर प्रॉइस या जर्मन अभ्यासकाने २००७ मध्ये मोठ्या क्रीडा स्पर्धांच्या वारशाची एक चौकट मांडली. ठरवून झालेलं की आपोआप, चांगलं की वाईट, हाताला लागणारं की न लागणारं, असे तीन अक्ष. तिचा मला झालेला उपयोग असा की 'ठरवून' या अक्षावर बालेवाडी बसवायला गेले आणि बसेना. १९९४ मध्ये ठरवलं होतं ते क्रीडानगरी. तंत्रज्ञाननगरी कोणी ठरवलीच नव्हती. बावीस वर्षांनी दुसऱ्याच योजनेने तिच्यावर ते नाव लावलं, आणि मग मागे वळून पाहताना असं वाटायला लागलं की हे पहिल्यापासून तसंच ठरलेलं होतं. चौकट मात्र बेतानेच वापरा. तिच्या आठ खणांत आठ उदाहरणं भरली की प्रबंध झाला, असं समजणारे खूप आहेत.

'तंत्रज्ञानाधारित' म्हणजे नेमकं काय?

माझ्या वाक्यातला दुसरा पोकळ शब्द हा. रॉबर्ट हॉलंड्स यांनी २००८ मध्येच एका निबंधात विचारलं होतं की खरं स्मार्ट शहर कोणतं ते पुढे येईल का, कारण जो तो स्वतःलाच ते नाव देतोय. पुण्याच्या बाबतीत मी एक बाळबोध प्रयोग केला. औंध-बाणेर-बालेवाडीत स्मार्ट सिटीच्या नावाखाली जे झालं, त्यातून तंत्रज्ञान वजा केलं तर काय उरतं?

औंधचे रुंद फुटपाथ उरतात. लोकांना सगळ्यात आवडलेलं काम कदाचित तेच. दुकानदारांची पार्किंग गेल्याची तक्रार होती, पण संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं बिनधास्त चालतात. छोटे उद्यानवजा कोपरे उरतात. तरुणांना कौशल्य शिकवणारं 'लाइटहाउस' उरतं. आणि वजा काय होतं? ॲपवर उघडणाऱ्या सार्वजनिक सायकली, ज्या डिसेंबर २०१७ मध्ये औंधमध्ये मोठ्या थाटात आल्या आणि काही वर्षांतच मोडक्या होऊन कोपऱ्यात पडल्या. कंपन्या निघून गेल्या. वायफायचे खांब, संदेश दाखवणारे फलक, हवेचे सेन्सर. सेन्सर मला प्रिय आहेत, मी त्यावरच जगते, म्हणून जपून बोलते: मोजणं उपयोगी आहेच, पण मोजल्याने वसाहत होत नाही.

आणि याच पट्ट्यात वर्षानुवर्षं सोसायट्यांच्या दारात पाण्याचे टँकर उभे असतात. बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टँकरवर जगणाऱ्या जागेला 'तंत्रज्ञानाधारित' म्हणायचं की 'टँकराधारित', हे तुमच्या व्याख्येवर अवलंबून आहे. व्याख्या आधी लिहा, नाहीतर ती तुमच्या वतीने माहितीपत्रकवाला लिहून देतो.

एक साधी आकडेमोड करून बघा. हे निवडलेलं क्षेत्र सुमारे ९०० एकर, म्हणजे ३.६ चौरस किलोमीटर. तेव्हाची महापालिका हद्द सुमारे २५० चौरस किलोमीटर. म्हणजे शहराचा जेमतेम दीड टक्का. तिथली लोकसंख्या योजनेत सुमारे ४० हजार धरली होती, आणि २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. आणि योजनेच्या पैशांपैकी तीन चतुर्थांशच्या आसपास रक्कम या क्षेत्रासाठी मांडलेली. आधी एक तुकडा आदर्श करू, मग तो शहरभर नेऊ, असा त्यामागचा तर्क होता. वाईट तर्क नाही, प्रयोगशाळेत आपणही तेच करतो. पण प्रयोग म्हटलं की तुलनेचा गट लागतो आणि निकालाची तारीख लागते. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. दीड टक्क्यात काय शिकलो ते उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांना कसं लागू करायचं, हा प्रश्न ज्याला घ्यायचा असेल त्याने घ्यावा. तीन पीएचड्या होतील.

कुंपणाच्या आत

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते. बालेवाडी बदलली हे सांगताना आपण सगळे कुंपणाच्या बाहेर बघतो. आत काय झालं?

आत राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, खेड्यापाड्यांतून निवडून आलेली मुलं तिथे राहून सराव करतात. पोहण्याचा तलाव आहे, नेमबाजीची रेंज आहे, बॅडमिंटन हॉल आहे. त्या बॅडमिंटन हॉलमध्ये मावळ लोकसभेची मतमोजणीही होते. कोविडच्या काळात संकुलात रुग्णांची सोय केली होती, ती गरजेची होती, त्याबद्दल तक्रार नाही. कुंपणाला लागून तारांकित हॉटेल आहे. जून २०२१ मध्ये नेत्यांच्या बैठकीला आलेल्या गाड्या ॲथलेटिक्सच्या ट्रॅकच्या भागात उभ्या राहिल्या, छायाचित्रं पसरली आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य विधिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला, जागा हीच. क्रीडाविज्ञान, क्रीडातंत्रज्ञान असे अभ्यासक्रम त्यात योजले होते. बघा, 'खेळाची जागा ते तंत्रज्ञानाची वसाहत' या कल्पनेचा सगळ्यात सरळ अर्थ हाच होता की! सोसायट्या आणि वायफाय नाही, तर खेळ समजून घेणारं तंत्रज्ञान, खेळाच्याच जागेत. आणि पुण्यात असं काम अशक्यही नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला लष्कराची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून आहे. खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडाविज्ञान एका छताखाली. तिथल्या मैदानाला २०२१ मध्ये नीरज चोप्राचं नाव दिलं. तिच्याभोवती कुठली 'हायटेक सिटी' झाल्याचं कोणी सांगत नाही, आणि तिला त्याची गरजही पडली नाही.

म्हणून मला ते 'मुळे' आता नुसतं चुकीचं वाटत नाही, महाग वाटतं. एकदा आपण मान्य केलं की स्टेडियमचं खरं फळ म्हणजे भोवतालची वसाहत, तर मग स्टेडियमने आपलं काम केलेलंच असतं. आतला ट्रॅक उखडला तरी गोष्ट यशस्वीच राहते. पुढची पायरी त्याहून सोपी आहे. दीडशे एकर मोकळी जागा, शेजारी मेट्रोचं स्थानक, चौरस फुटाचे भाव तुम्हाला माहीतच आहेत. 'वापरात नसलेल्या' जागेचा 'इष्टतम उपयोग' असा शब्दप्रयोग एखाद्या अहवालात कधी येईल याची मी वाट बघते आहे. उपग्रहातून बघितलं तर आज त्या पट्ट्यातला करड्या रंगात बुडायचा राहिलेला सगळ्यात मोठा तुकडा बहुधा हाच आहे. १९९४ च्या स्पर्धांनी त्या परिसराला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे तिथे काय बांधता आलं नाही ही असू शकेल. हे मात्र माझं मत आहे, निष्कर्ष नाही. फरक लक्षात घ्या.

आणि 'वापरात नाही' हे तरी कोणी मोजलंय? मी एका रविवारी पहाटे तिथे गेले होते. गेटवर किटबॅग घेतलेली मुलं, रिक्षातून उतरणारे आईबाप, भिंतीला पाय लावून ताण देणारा एक पोरगा. माझ्या उपग्रहाला यातलं काहीच दिसत नाही. तो सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो, तोवर सराव संपवून मुलं नाश्त्याला गेलेली असतात. (हे लिहिताना हसू येतंय, पण माझ्या पद्धतीची मर्यादा म्हणून मी हे सिनॉप्सिसमध्ये खरंच लिहिलंय.)

नव्या सिनॉप्सिसमधला माझा प्रश्न आता असा आहे: १९९४ ते २०२४ या काळात संकुलातल्या मैदानांचे, हॉलचे आणि तलावाचे वर्षातले किती दिवस सरावासाठी, किती स्पर्धांसाठी आणि किती खेळाबाहेरच्या कामांसाठी वापरले गेले, आणि कुंपणाबाहेरचं बांधकाम वाढत गेलं तसं हे प्रमाण बदललं का? पहिला भाग आरक्षणाच्या नोंदींतून, माहितीच्या अधिकारात अर्ज करून. दुसरा भाग माझ्या पिक्सेलमधून. यात 'मुळे' कुठेच नाही. मॅडमनी या वेळी फक्त 'खेळाबाहेरच्या' या शब्दाखाली रेघ मारली आहे, आणि समासात लिहिलंय: "प्रबोधिनीच्या मुलांचं स्नेहसंमेलन कुठे धराल?"

मी अजून ठरवते आहे. तुम्ही कुठे धराल?